चहा नको, नळाचं पाणी द्या

अंजनाताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, सतरंजीवर बैठक मारली आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून स्टीलचा पेला काढून माझ्या बायकोपुढे धरला. बायको चहाचं आधण ठेवायला निघाली होती.

"चहा नको वहिनी, नळाचं पाणी द्या."

बायकोनं माठावरचं झाकण उचललं, तशा त्या घाईघाईनं म्हणाल्या, "माठातलं नाय. नळाचं. डायरेक्ट."

सकाळची पाणी यायची वेळ होती. मोरीतल्या नळाखाली पेला भरून दिला. ताईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला, दूध नासलंय का बघावं तसा नाकाशी नेला आणि मग सगळं पाणी पिऊन टाकलं. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "धार किती वेळ राहते?" बायकोनं सांगितलं, अर्धा तास. मग पुढची दहा मिनिटं दोघी त्या अर्ध्या तासाबद्दलच बोलत होत्या. मी शेजारी वह्या तपासत बसलो होतो आणि ही बाई नक्की कशासाठी आली आहे, याचा मला पत्ता लागत नव्हता. फाटकापर्यंत गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अवो सर, मी वॉर्डात उभी हाय. मत द्या बरं का."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची वसाहत अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांची. बैठी घरं, पुढे हातभर अंगण, त्यात एक तुळस आणि एक सायकल. आमचा वॉर्ड तेव्हा महिलांसाठी राखीव झाला आणि पुढारी मंडळींची धावपळ उडाली, कारण त्यांच्याकडे बायका होत्या, पण त्या घरात होत्या. अंजनाताईंचे यजमान अंबडच्या एका कंपनीत फिटर होते आणि पक्षाच्या सभांना खुर्च्या मांडायला हौसेनं जायचे. त्यांचं नाव कारभारी. निफाडकडे हे नाव पुष्कळ ठेवतात. आमच्या वसाहतीत मात्र या नावावरून बरेच दिवस गंमत चालली. बाई नावापुरती, कारभार कारभारीच बघणार, असं सगळे म्हणायचे. कारभारींनाही तसंच वाटत होतं. त्यांनी दोन सफारी शिवून घेतल्या होत्या.

ताई निवडून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोघं महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी सवयीप्रमाणे कारभारींना "या नगरसेवक साहेब" म्हणून समोरची खुर्ची दिली. कारभारी बसले. ताई उभ्याच राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अवो, तुमी बाहेर बाकड्यावर बसा. आत माझं काम हाय." ही हकीकत मला स्वतः कारभारींनीच सांगितली, आणि सांगताना ते पोट धरून हसत होते. "सर, मला वाटलं बायको निवडून आली म्हंजी आपण निवडून आलो. मंग कळलं, आपण डायव्हर झालो." त्यानंतर पाच वर्षं त्यांनी ताईंना मोपेडवर मागे बसवून सगळीकडे नेलं. पहिली पाळी सांभाळून दुपारी न्यायचे आणि प्रत्येक कचेरीबाहेर बाकड्यावर बसून पेपर वाचायचे. सफारी मात्र त्यांनी सोडली नाही.

ताईंचं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर निफाड तालुक्यातलं. लहानपणी विहिरीवरून पाणी आणलेलं, लग्नानंतर इथे आल्यावर सार्वजनिक नळावर भांडून भरलेलं. त्यामुळे त्यांचं सगळं राजकारण नळापासून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. रस्ते, दिवे, गटारी हीही कामं त्यांनी केली, पण माणूस भेटला की आधी पाण्याचं विचारणार. "माणसाला इचारलं तर तो तोंडावर बरंच हाय म्हणतो," असं त्या म्हणायच्या. "नळाला भीड नाय." पहाटे पाणी सोडणारा कर्मचारी व्हॉल्व्ह फिरवायला यायचा, त्याच्याशी त्यांची खास दोस्ती होती. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. सभागृहात त्या पाच वर्षांत फार बोलल्या नसतील, पण एकदा कुणी तरी आकडेवारी वाचून दाखवत असताना त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदावर पाणी जोरात येतंय. तेवढं आमच्या गल्लीत सोडा." दुसऱ्या दिवशी हे वाक्य पेपरात आलं. ताईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, कारण बारीक छापील अक्षर त्यांना वाचवत नसे. मोठी अक्षरं बोट ठेवून, ओठ हलवत त्या वाचायच्या.

त्यांचं वाचणं-लिहिणं माझ्याकडे आलं ते असं. मी शाळेत मराठी शिकवत होतो. अर्ज, निवेदनं, स्मरणपत्रं, सगळं मी लिहायचो. ताई सांगायच्या आणि मी त्याला वळण द्यायचो. कधी कधी वळण जरा जास्तच व्हायचं. "सर, लय गोड झालं," त्या म्हणायच्या, "पण यात आपलं मागणं कुठं हाय?" मला थोडा राग यायचा. माझ्या मराठीचं वसाहतीत नाव होतं आणि तिथे चौथी शिकलेली बाई दोष काढत होती. पण पुन्हा वाचून पाहिलं की मागणं खरोखरच तिसऱ्या परिच्छेदात दडलेलं असायचं.

आमच्या वॉर्डाच्या एका टोकाला नाला होता आणि त्याला लागून एक गल्ली. तीस-पस्तीस घरं. त्या गल्लीची पाण्याची नळी नाल्यातून गेलेली. सांधा सुटला की नाल्याचं पाणी नळात. ताईंनी तो दोनदा बुजवून घेतला, दोन्ही वेळा काही महिन्यांनी पुन्हा सुटला. नवी नळी रस्त्याच्या बाजूनं टाकायला हवी होती. त्याची फाईल ताई एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अक्षरशः स्वतः उचलून नेत होत्या.

त्या गल्लीत मंदा राहायची. चार घरची भांडी घासायची. तिची मुलगी संगीता माझ्या वर्गात होती. हुशार, आणि अक्षर तर फळ्यावर लिहायला सांगावं असं. दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना तिला कावीळ झाली. गल्लीत आणखी सात-आठ जण आजारी होते. संगीता दीड महिना अंथरुणाला खिळली आणि परीक्षा हुकली. वर्ष गेलंच आहे तर कशाला थांबायचं, म्हणून घरच्यांनी मे महिन्यात तिचं लग्न उरकून टाकलं. मुलीचं वय कुणी विचारलं नाही. मी तिचा मास्तर. अक्षता टाकून, जेवून आलो. मीही विचारलं नाही.

कावीळ सुरू होती तेव्हा ताई पाणीपुरवठ्याच्या साहेबांना ओढून त्या गल्लीत घेऊन आल्या. साहेब म्हणाले, "पाणी तपासलंय, पिण्यायोग्य आहे." ताईंनी पिशवीतून पेला काढला, मंदाच्या नळाखाली भरला आणि साहेबांपुढे धरला. "घ्या." साहेबांनी आत्ताच चहा झाल्याचं सांगितलं. ताईंनी तो पेला स्वतःच पिऊन टाकला. सगळी गल्ली बघत होती. वेडेपणाच तो. तीन आठवड्यांत ताई पिवळ्या पडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडून होत्या, डोळे हळकुंडासारखे झालेले. मी रागावलो. म्हणालो, "ताई, याचा उपयोग काय झाला?" त्या म्हणाल्या, "सर, पेला हातात होता, आन् मंदा समोर उभी व्हती. वतून कसा द्यायचा?"

त्या आजारपणाचा एवढा परिणाम झाला की फाईल हलली आणि नव्या नळीला मंजुरी मिळाली. काम मात्र सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात निवडणूक आली.

या खेपेला वॉर्ड राखीव नव्हता. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. ताईंना आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आता पुरे, मानानं बाजूला व्हा. त्या म्हणाल्या, "मला खुर्चीची हौस नाय सर. अजून एक वरीस मिळालं तर नाल्याकडची लाइन पडती. दुसरा आला तर फाईल पुन्हा तळाला जाती." त्या अपक्ष उभ्या राहिल्या. कुणाकडेही चहा न घेणाऱ्या या बाईला निशाणी मिळाली कपबशी. यावर वसाहत आठवडाभर हसली, आणि सगळ्यांत जास्त ताई हसल्या.

द्राक्षांचे दिवस होते. त्यांचा भाऊ निफाडहून टेम्पोत द्राक्षांच्या पेट्या घालून आला, मतदारांना वाटायला. ताईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि टेम्पो जसाच्या तसा परत पाठवला. "द्राक्षं खाऊन मत दिलं, तर पुढची पाच वर्षं लोक द्राक्षंच मागतील," असं त्याला सांगितलं. कारभारींनी एक पेटी हळूच उतरवून घेतली होती, ती मात्र आम्ही कार्यकर्त्यांनी संपवली.

प्रचाराचं पत्रक लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. ताईंनी दोन याद्या सांगितल्या. एक, पाच वर्षांत झालेली कामं. दुसरी, न झालेली. दुसऱ्या यादीत पहिलंच होतं, 'नाल्याकडच्या गल्लीला अजून घाण पाणी येतं.' मी म्हटलं, "ताई, न झालेलं कुणी छापतं का? विरोधक आहेतच ते सांगायला." त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितल्यावर मी चोर. मी सांगितलं तर मी कामाची." मी दोन्ही याद्या लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. मी छापखान्यात गेलो, कारभारी बरोबर होते. खिळे जुळवायला देताना मी दुसरी यादी काढून घेतली. कारभारी म्हणाले, "सर, बरं केलं. हिला राजकारण कळत नाय." आणि यादी गेल्यावर शेवट ओकाबोका वाटू लागला, म्हणून मी तिथेच उभ्याउभ्या एक वाक्य लिहिलं, 'आज वॉर्डातील प्रत्येक गल्लीत स्वच्छ आणि पुरेसे पाणी पोहोचले आहे.' वाक्य छान होतं. घरी येताना मी ते मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. ताईंना बारीक अक्षर वाचवत नाही, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच मी तसं केलं, हेही आता कबूल करतो.

मतदानाला पाच दिवस राहिले असताना ताई प्रचार करत मंदाच्या घरी गेल्या. संक्रांतीला माहेरी आलेली संगीता अजून सासरी परतली नव्हती. ताईंनी मोठ्या कौतुकानं तिच्या हातात पत्रक दिलं. "वाच गं, तुझ्या सरांनी लिवलंय." संगीतानं खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. शेवटच्या वाक्यापाशी आली, ते वाचलं आणि थांबली. मग विचारलं, "ताई, आमची गल्ली यात धरली नाय का?"

हे मला ताईंनी त्याच दुपारी सांगितलं. त्या घरी आल्या, पेला काढला नाही, पाणी मागितलं नाही. पत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, ओरडतील. त्या इतकंच म्हणाल्या, "सर, त्या पोरीनं तुमचं नाव नाय काढलं. माझ्याकडं बघत व्हती." मी सगळी कारणं सांगितली. निवडून येणं महत्त्वाचं, आलात तर लाइन पडेल, त्या गल्लीच्याच भल्याचं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं चुकीचं नाय," त्या म्हणाल्या. "पण मी तिच्या घरात उभी राहून ते वाचायला लावलं ना."

नवीन पत्रकं छापायला वेळ नव्हता. ताई म्हणाल्या, हातानं लिहू. मी पेन घेतलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमचं अक्षर देखणं हाय सर. लोक अक्षर बघत बसतील." मग एका कोऱ्या कागदावर मी ओळ लिहून दिली आणि त्यावर बघत बघत त्या प्रत्येक पत्रकावर, माझ्या वाक्याखाली, चौथीतल्या मुलाच्या ठोकळेबाज अक्षरात लिहू लागल्या. 'नाल्याकडची गल्ली राहिली. तिथं पाणी घाण येतं. हे काम माझ्याकडून झालं नाही.' पन्नासेक पत्रकांनंतर त्यांना समोरचा कागद लागेना. माझी बायको एकेक पत्रक उचलून शाई वाळवायला सतरंजीवर पसरत होती. मी नुसता बसून होतो. शाळेत एवढी वर्षं मुलांना सुधारणा लिहायला लावल्या होत्या. माझी सुधारणा दुसरंच कुणी लिहीत होतं.

पुढचे चार दिवस ताई आधी वाटलेल्या घरांतून पुन्हा फिरल्या. "ते पत्रक आणा बरं, त्यावर एक लिवायचं राहिलं," असं म्हणायच्या, उंबऱ्यात बसून लिहायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. कुणी पत्रकाची पुडी केली होती, कुणी फडताळात अंथरलं होतं. अंथरलेल्यावरही त्यांनी डबे बाजूला करून लिहिलं. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी त्या पत्रकाच्या झेरॉक्स काढून चौकाचौकात चिकटवल्या आणि वर लिहिलं, 'बाईंची कबुली'. ज्या गल्ल्यांना पाच वर्षं स्वच्छ पाणी मिळत होतं, तिथले शहाणे लोक म्हणाले, हिला स्वतःलाच खात्री नाही तर आपण कशाला शिक्का मारायचा.

ताई पडल्या. अगदी थोड्या मतांनी. नाल्याकडच्या गल्लीनं काय केलं, ते मतपेटीलाच ठाऊक. मोजणी संपल्यावर कारभारी मोपेडला टेकून रडत होते आणि ताई त्यांच्या सफारीला लागलेली धूळ झटकत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सर, उद्या अर्ज लिवायचा. नव्या साहेबांना. लाइनचा."

पुढची पाच-सहा वर्षं मी तो अर्ज किती वेळा लिहिला, मोजला नाही. आता मागणं पहिल्याच ओळीत असायचं. ताई पद नसतानाही कचेरीत जायच्या, आता बाकड्यावर दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी बसायचे. एकदा मीही बरोबर गेलो होतो, तेव्हा तिथेच न राहवून म्हणालो, "ताई, ती ओळ लिहिली नसतीत तर निवडून आला असतात. लाइन कधीच पडली असती." हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता. अजूनही गेलेला नाही. ताईंनी मांडीवरचा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "आसंल. तुमचं खरं आसंल. पण सर, मंग मंदाच्या घरी पाणी मागायला कोणत्या तोंडानं गेले असते?"

मध्यंतरी मी वसाहत सोडली. मुलगा नोकरीला लागला आणि आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. एके सकाळी दारावरची बेल वाजली. ताई. केस पार पिकलेले, जिना चढून दम लागलेला, खांद्याला तीच पिशवी. खुर्ची दिली तरी त्या खालीच बसल्या आणि पेला काढला. बायको यंत्राकडे वळली, तशा त्या म्हणाल्या, "यंतराचं नाय वहिनी." सवयीप्रमाणे उजेडात धरून, हुंगून, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. उगाच यंतर घेतलं."

मग सांगितलं. नाल्याकडची लाइन पडली. काल नव्या नगरसेवकांनी नारळ फोडून पाणी सोडलं. फोटो झाले, पेढे झाले. ताईंना बोलावणं नव्हतं. त्या मंदाच्या अंगणात मागे उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर मंदाच्या नळाखाली पेला धरला. "दोन पेले प्याले सर. संगीताची पोरगी बी आली व्हती, तीबी प्याली."

मी म्हणालो, "कोनशिलेवर तुमचं नाव हवं होतं."

"दगडावर नावं टाकून नळाला काय पाणी येतं?" त्या म्हणाल्या आणि पिशवीत हात घालून एक घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर विरलेला, पिवळा पडलेला. आमचं पत्रक. माझं वाक्य आणि त्याखाली त्यांचं ठोकळेबाज अक्षर. "पेन द्या बरं."

मी पेन दिलं. त्यांनी कागद जमिनीवर पसरला, बोट ठेवून, ओठ हलवत स्वतःची ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि तिच्यावर एक सरळ रेघ ओढली. मग कागद माझ्या हातात दिला.

"घ्या सर," त्या म्हणाल्या. "तुमचं वाक्य आता खरं झालं."

ताईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते पत्रक माझ्या टेबलाच्या खणात आहे. कधी काढून वाचलं तर माझं छापील वाक्य मी वाचत नाही. त्याखालची, रेघ ओढलेली ओळ वाचतो.